एका बादलीतला लाल

रंगाच्या खोलीला दोन दारं होती. एक उजवीकडे थोरल्याच्या कारखान्यात उघडायचं, दुसरं डावीकडे धाकट्याच्या. दोन्ही कारखान्यांमधली भिंत मागच्या अंगणापासून सरळ चालत आली होती आणि या खोलीच्या पाठीला टेकून थांबली होती. पुढे यायला तिला वावच नव्हता. पुढे ताई होती.

तिला सगळेच ताई म्हणायचे. धाकट्या भावानं बोलायला शिकताना मारलेली हाक घरादाराला चिकटली. थोरला तिच्याहून मोठा, तरी तोही ताईच म्हणू लागला. आता तर गवंडी, गिऱ्हाइकं, पोस्टमन, कोणालाच तिचं दुसरं नाव ठाऊक नव्हतं. साठी उलटून गेली होती. नखांच्या कडेला लाल रंग कायमचा मुरलेला. पायांत जाड मोजे, कारण रंगाच्या खोलीची जमीन बारा महिने ओली. ते मोजे वेळेवर बदलायला हवेत, ओल अंगात शिरते, असं तिला कोणी तरी म्हणायला हवं होतं. म्हणणारं कोणी नव्हतं असं नाही. दोन भाऊ होते, दोन भावजया होत्या. पण ज्याला त्याला वाटायचं की दुसरा म्हणत असेल.

जेवणाचंही तसंच. थोरली भावजय ताट झाकून पाठवायची, धाकटी पण पाठवायची. दोघी मनानं चांगल्या. फक्त कधी कधी थोरलीला वाटायचं, आज धाकटीकडून गेलं असणार. आणि धाकटीला वाटायचं, आज थोरलीचा दिवस. अशा संध्याकाळी ताई दोन दारांच्या मधोमध स्टुलावर बसून राहायची. मग दोन्ही कड्या लावायची, पाणी प्यायची आणि अंथरूण घालायची. दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं, "जेवलीस ना काल?" तर म्हणायची, "पोटभर." एकीचं नाव घेतलं तर दुसरीला लागेल, ही तिची भीती.

ही भिंत पूर्वी नव्हती. पूर्वी एकच कारखाना होता, वडिलांचा, म्हणजे अण्णांचा. तिथे सिमेंटच्या नक्षीदार फरश्या हातानं करायचे. हे काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना वाटतं, फरशी करून वर रंग मारत असतील. तसं नाही. फरशी उलटी घडते. लोखंडी साच्याच्या तळाशी पितळेची जाळी ठेवायची, नक्षीच्या आकाराची. जाळीच्या एकेका घरात एकेक रंग पळीनं ओतायचा, दाट सायीसारखा. मग श्वास रोखून जाळी वर उचलायची. हात हलला की रंग एकमेकांत गेले. रंगावर कोरडं सिमेंट भुरभुरायचं, त्यावर वाळू-सिमेंटचा थर, आणि मग सगळं प्रेसखाली दाबायचं. फरशी बाहेर काढून उलटी केली की तेव्हा कुठे कळतं, काय झालंय ते. तोवर करणाऱ्याला फरशीची फक्त पाठ दिसते. बाहेर काढलेल्या फरश्या मागच्या हौदात पाण्याखाली मुरायला जातात.

अण्णांचा हात जाळीवर. थोरल्याचं अंग प्रेसवर. धाकटा हौदावर. आणि रंग ताईकडे, कारण लहानपणीच अण्णांच्या लक्षात आलं की या मुलीला दोन लालांमधला फरक दिसतो, जो इतरांना दाखवूनही दिसत नाही. पांढरं सिमेंट, लाल पूड, पाणी, गाळणं. नजरेनं मिसळायचं. प्रत्येक घाणीचा, म्हणजे एका वेळी कालवलेल्या रंगाचा, एक ठिपका ती पांढऱ्या खापरीवर लावून फळीवर मांडून ठेवायची. एकदा तिनं अण्णांना विचारलंही होतं, "माझ्या खापरीवरचा लाल उजळ दिसतो आणि फरशीवरचा गंभीर. असं का?"

"दाबाखाली रंग बसतो, बाळ," अण्णा म्हणाले होते, आणि लगेच दुसऱ्या कामाला लागले होते.

जाण्याआधी अण्णांनी वाटणी केली. जागा अर्धी अर्धी, प्रेस दोन होतेच. जाळ्या मात्र त्यांनी अशा वाटल्या की ऐकणारा चाट पडावा. जमिनीच्या मधल्या नक्षीच्या सगळ्या जाळ्या थोरल्याला. काठाच्या आणि कोपऱ्याच्या सगळ्या धाकट्याला. काठाशिवाय जमीन पुरी होत नाही, आणि मधल्याशिवाय काठाला अर्थ नाही. म्हणजे पोरं भांडली, रुसली, तरी नवी जमीन करायची म्हटलं की एकमेकांच्या दारात जावंच लागेल. म्हाताऱ्यानं आपल्या परीनं दोघांचे पाय एकाच दोरीनं बांधले होते.

त्यांनी सगळा हिशेब केला, पोरांचा हट्ट तेवढा त्यात धरला नाही.

अण्णा गेले आणि वर्षाच्या आत एक जाळी वाया गेली. मोठ्या कोपऱ्याची, अण्णांची लाडकी. कोणी तरी ती न धुताच ठेवली, सिमेंट आत वाळलं, आणि ठोकून काढताना पितळ वाकलं. ती कोणी न धुता ठेवली हे आजतागायत ठरलेलं नाही. थोरला म्हणाला, "तुझ्या हातात होती." धाकटा म्हणाला, "तूच मागून नेली होतीस." दोघांच्या जिभा सैल सुटल्या, मग दोन्ही जिभा कायमच्या बंद झाल्या, आणि भिंत उभी राहिली. हौद मात्र फोडता येईना. तो मुळातच सबंध बांधलेला. मग भिंत हौदाच्या वरून नेली. खाली पाणी एकच राहिलं.

दोरी दोघांनीही कापली. थोरला मधली नक्षी करायचा आणि कडेनं साध्या करड्या फरश्या लावून द्यायचा. धाकटा पायऱ्यांना, उंबऱ्यांना, खिडक्यांच्या कट्ट्यांना नुसते काठ विकू लागला. गल्लीतले लोक थोरल्याला म्हणायचे, "चित्र झकास आहे, चौकट कुठे हरवली?" आणि धाकट्याला, "चौकट झकास आहे, आत काय आमचा फोटो लावू?" दोघंही हसून साजरं करायचे. दोघांचंही बरं चाललं. पूर्ण जमीन मात्र या घरातून पुन्हा गेली नाही.

ताईला हवी होती ती तेवढीच एक. एकदा, कुठल्या तरी घरात, मधला आणि काठ शेजारी बसलेला बघायचा. भाऊ बोलतील की नाही ते त्यांचं त्यांना माहीत. पण ज्या दिवशी जुळवायची वेळ येईल त्या दिवशी रंग परके निघता कामा नयेत. एवढं तिच्या हातात होतं, आणि एवढ्यासाठी ती खोटं बोलत होती.

थोरला म्हणायचा, "ताई, त्याचा आणि माझा लाल एक नको हं. गिऱ्हाईक म्हणेल, एकाच दुकानाला दोन दारं."

"एक कसा असेल? तुझी बादली वेगळी," ताई म्हणायची.

धाकटा विचारायचा, "दादाचा उरलासुरला मला देत नाहीस ना?"

"उरलेला कशाला देईन? तुझा तुला मोजून देते."

आणि ती रोज सकाळी एकाच मोठ्या टबात एकच लाल कालवायची. एकाच गाळण्यातून गाळायची आणि दोन बादल्यांत ओतायची. उजवं दार ढकलून एक बादली आत सरकवायची, डावं दार ढकलून दुसरी. बादली गेली की थोड्या वेळानं तिकडे पत्र्याच्या डब्याचं झाकण वाजायचं. खट्. मग कधी तरी इकडचंही. खट्. साच्याला पुसायच्या तेलाचे डबे, दुसरं काय असणार. मग दोन्हीकडून प्रेसची धाप ऐकू यायला लागायची, आणि ताईचं दिवसाचं बोलणं संपायचं.

एके दिवशी एक नर्सबाई आल्या त्या डाव्या दारानं नाही, उजव्या दारानंही नाही. रस्त्यावरच्या खिडकीबाहेरच्या कट्ट्याशी येऊन त्यांनी खिडकी ठोठावली. नोकरी नुकती संपलेली, आवाज अजून वॉर्डातला.

"रंगवाल्या ताई तुम्हीच ना? बसते हं. गुडघे बोलतायत."

त्यांनी घर बांधायला काढलं होतं. दोनच खोल्या, एकटीसाठी. त्यांच्या लहानपणीच्या घरात अण्णांच्या हातची जमीन होती. लाल पाकळ्या, आणि कडेनं लाल-काळ्या लाटेचा काठ. "ताप आला की मी उताणी नाही, पालथी झोपायची. गाल फरशीवर टेकून त्या लाटा मोजायची. पुढे जन्मभर दवाखान्याच्या पांढऱ्या फरशीवर चालले. आता मला तीच जमीन पाहिजे. मधलं पण आणि काठ पण. अर्धवट मी पुष्कळ बघितलंय."

ताईच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं.

"दोघांना सांगा ना तुम्ही, मिळून करा म्हणून," नर्सबाई म्हणाल्या.

"मिळून म्हटलं तर दोघंही नाही म्हणतील. वेगवेगळं सांगितलंत तर दोघंही करतील."

"म्हणजे मी काठ चोरून घ्यायचा?"

"चोरून नाही हो. डावीकडून."

नर्सबाई खदखदून हसल्या. मग ताईकडे नीट बघून म्हणाल्या, "तुम्ही जेवलात का आज?" हा प्रश्न दोन्ही दारांतून यायचा, पण उत्तरासाठी थांबून कोणी विचारत नसे. ताईनं गाळणं खाली ठेवलं. ती म्हणाली, "लाल कोणता हवा ते माझ्या लक्षात आलंय."

नर्सबाई उजवीकडे गेल्या. थोरल्यानं माप घेतलं, नक्षी काढून दाखवली, आणि खालच्या मानेनं विचारलं, "कडेला करडी लावू?"

"कडेचं मी बघते," नर्सबाई म्हणाल्या.

मग वळसा घालून डावीकडे गेल्या. धाकट्यानं विचारलं, "चारी बाजूंनी काठ? आणि मध्ये काय घालणार?"

"गालिचा."

"एवढा मोठा?"

"मोठाच आहे."

ताई भिंतीच्या टोकाशी बसून दोन्हीकडचं ऐकत होती. किती तरी दिवसांनी तिला हसू आवरेना, आणि ते सांगायला जवळ कोणी नव्हतं.

त्या कामाचा लाल तिनं जपून कालवला. पूड दोनदा चाळली. खापरीवर ठिपका लावून खिडकीशी नेऊन पाहिला, परत आणला, परत नेला. दोन दारं, दोन बादल्या. खट्. खट्. मग धाप सुरू झाली. पुढे काही दिवस त्या फरश्या हौदात मुरत होत्या, भिंतीच्या या अंगाला मधल्या, त्या अंगाला काठाच्या, खाली एकाच पाण्यात. ताई अंगणात जाऊन डोकवायची. पण पाण्याखाली सगळेच रंग काळसर दिसतात. ओल्या फरशीवरून काही सांगता येत नाही. वाळलेल्या दोन शेजारी ठेवून बघणं तिला जमलं असतं. खरं तर कधीही जमलं असतं. इतकी वर्षं तिनं ते टाळलं होतं. नाही जुळल्या तर, हा विचार तिला ओलांडवत नव्हता.

जमीन घातली तिथल्याच एका गवंड्यानं. निरोप आला तेव्हा ताईनं मोजे बदलले, त्या घाणीची खापरी रुमालात गुंडाळली आणि दोन्ही दारांना कड्या घातल्या. इतक्या लांब ती एकटी बऱ्याच दिवसांत चालली नव्हती. रस्ता ओलांडताना दोनदा मागे फिरली. कोणी हात धरायला हवा होता, पण त्यासाठी कुठे जातेय ते सांगावं लागलं असतं.

नर्सबाईंच्या घराला अजून दारं बसायची होती. आत फक्त जमीन होती. गवंडी कोपऱ्यात उकिडवा बसून फडक्यानं सांधे पुसत होता. ताई उंबऱ्यातच थांबली.

मधल्या पाकळ्या लाटेपर्यंत येत होत्या आणि लाट त्यांना उचलून पुढे नेत होती. कुठे थोरला संपतो आणि कुठे धाकटा सुरू होतो, ते तिला शोधावं लागलं. लाल एकच. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच.

"दोन ठिकाणचा माल आहे म्हणतात या," गवंडी म्हणाला. "मला नाही पटत. एका हातचं दिसतंय."

"एकाच बादलीतला आहे," ताई म्हणाली. पहिल्यांदाच हे तोंडातून बाहेर पडलं, आणि तेही परक्या माणसापुढे. तिचे डोळे भरून आले. नर्सबाईंनी काही न विचारता तिला दगडी कट्ट्यावर बसवलं आणि पेल्यातून पाणी दिलं.

उठताना ताईनं रुमाल सोडून खापरी जमिनीवर ठेवून पाहिली. खापरीवरचा ठिपका उजळ होता, फरशीवरचा लाल खोल.

"हा वेगळा दिसतो हो," नर्सबाई म्हणाल्या.

"दाबाखाली रंग बसतो," ताईनं सांगितलं, आणि खापरी परत गुंडाळली.

घरी येईपर्यंत तिचं ठरलं होतं. आता सांगायचं. जमीन जुळली, आता खोट्याचं काम उरलं नाही. आधी धाकट्याला, कारण तो रागावला तरी लवकर उतरतो. धाकटा जाळ्या धूत बसला होता. ती जाळी वाया गेल्यापासून तो प्रत्येक जाळी दोनदा धुवायचा.

"कुठे गेली होतीस? दार वाजवलं मी."

ताईनं सगळं सांगितलं. नर्सबाई, डावीकडून घेतलेला काठ, गालिचा. धाकट्याचा चेहरा आधी आंबट झाला, मग तो हसला. "तरीच! म्हटलं, हा कसला गालिचा." आणि मग जाळी हातातच ठेवून म्हणाला, "कसा दिसतो?"

"एकजीव. तुला म्हणून सांगते, आता रागावू नकोस. मी तुम्हा दोघांना कायम एकाच बादलीतला लाल देत आले. वेगळा म्हणायची, पण एकच. म्हणून जुळला."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. "एकच? सगळी वर्षं?"

"सगळी."

"मग जुळला कसा?" तो म्हणाला, आणि जीभ चावली.

"कसा म्हणजे?"

"काही नाही, ताई. जुळला ना, झालं तर."

"नीट बोल."

त्यानं जाळी खाली ठेवली. लहानपणी हौदात चप्पल पडली की जसा बोलायचा तसा बोलला. "मी त्यात मूठभर काळी पूड घालतो, त्या पत्र्याच्या डब्यातली. तुझ्या लालात. अण्णा घालायचे ना तसं. तू बादली देऊन गेलीस की ते घालायचे. म्हणायचे, पोरीचा लाल हसरा आहे, जमिनीला एवढं हसू शोभत नाही. पण तिला सांगू नका, मन लावून करते ती. म्हणून आम्ही..." तो थांबला.

"आम्ही," ताई म्हणाली.

धाकटा आता तिच्याकडे बघत नव्हता. भिंतीकडे बघत होता. त्याच्या तोंडावर हळूहळू काही तरी उजळत गेलं. "म्हणजे दादापण घालतो. अजून घालतो!" मग जरा वेळानं, स्वतःशीच, "मूठही तेवढीच, बघ. नाही तर जुळलाच नसता."

"नसता जुळला," ताई म्हणाली.

"तुला वाईट वाटलं का गं?"

"छे. वाईट काय त्यात." तिनं पदराला हात पुसले. हातांना काही लागलेलं नव्हतं. "दादाला मी काही सांगत नाही. तुला सांगायचं तर सांग."

"मी कशाला सांगू?" धाकटा म्हणाला. पण नजर भिंतीवरून हलली नाही.

संध्याकाळी ताई खोलीत फळीसमोर उभी राहिली. खापऱ्या वरपासून खालपर्यंत लावलेल्या होत्या, जुन्यांवर धूळ बसून गेलेली. धूळ पुसली की प्रत्येकीवर तोच लाल. ती ज्या जमिनींना आपल्या समजत आली होती, त्यांतली एकही तिच्या लालाची नव्हती. तिचा लाल फक्त या फळीवर होता. अण्णांनी सांभाळून घेतलं, भावांनी सांभाळून घेतलं, तेही भिंत मध्ये असताना, एकमेकांना न विचारता. तिघांनी मिळून एक गोष्ट जपली आणि ती तिच्यापासूनच जपली. रागावावं तर कोणावर? इतक्या प्रेमानं तिला बाहेर ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी ताट कोणाकडूनच आलं नाही. ताईनं दोन्ही कड्या लावल्या आणि पाणी प्यायली.

सकाळी तिनं टब पुढे ओढला. पांढरं सिमेंट, लाल पूड, पाणी. काळ्या पुडीचं पोतं तिच्याही खोलीत होतंच. तिनं त्यात हात घातला, मूठ भरली, टबावर धरली. एवढी एक मूठ टाकली की तिचा लाल घराचा होणार होता. मग त्या दोघांना सांगावं लागलं असतं, की आता तुम्ही घालू नका. मग दोघांमध्ये काय उरलं असतं?

तिनं मूठ परत पोत्यात मोकळी केली. लाल गाळला, दोन बादल्या भरल्या. उजवं दार ढकललं. डावं दार ढकललं. आणि स्टुलावर येऊन बसली.

उजवीकडे झाकण वाजलं. खट्.

एरवी डावीकडचं कधीही वाजायचं, आधी, मागाहून, हाताला येईल तसं. आज डावीकडे नुसती शांतता होती, कोणी तरी कान देऊन थांबल्यासारखी. उजवीकडचा आवाज विरला, आणि मग लगेच, हाकेला ओ द्यावी तसं, इकडचं झाकण वाजलं.

उजवीकडे क्षणभर काहीच हललं नाही. मग प्रेसची धाप सुरू झाली. ताई मधे बसून ऐकत होती.